अकरा अंडी आणि मोठीआईची प्रार्थना

मोठीआईला मातीत ठेवायच्या आधी पाळकसाहेब तिच्याबद्दल चार शब्द बोलले. साहेबांना आमच्या वस्तीत येऊन तीनच महिने झाले होते, त्यामुळं त्यांना तरी काय दोष द्यायचा. ते म्हणाले, "आपल्या चांगुणाबाई अतिशय शांत आणि मितभाषी होत्या. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत." मागं बायकांच्या घोळक्यात कुणीतरी खुदकन हसलं. दुसरीनं पदर तोंडाला लावला. बघता बघता सगळ्या वस्तीचे खांदे हलायला लागले, आणि साहेबांना वाटलं लोकांना हुंदका आवरेना. त्यांना आणखी भरून आलं. म्हणाले, "त्यांचा आवाजसुद्धा कधी कुणाला मोठ्यानं ऐकू आला नसेल."

कबरस्तानाच्या भिंतीवर शांतलिंग वाणी बसला होता, तो एवढं ऐकून उठला आणि बाभळीच्या आड गेला. जातीनं लिंगायत, गावात किराणा दुकान. पण मोठीआईला त्याच्याइतकं मन लावून कुणी ऐकलं नाही. त्याला हसायचं होतं की रडायचं होतं, हे त्याचं त्यालाच माहीत.

म्हणून म्हटलं, आपणच सांगावं. नाहीतर पुढच्या पिढीला वाटायचं, वस्तीत कुणी मुकी बाई राहत होती.

मी वनमाला. परंड्याची लेक, एकाहत्तर साली लग्न होऊन इथं आले. कळंबपासून आठ मैलांवर गाव, गावाच्या खाली ओढा, आणि ओढ्यापलीकडं आमची वीस-बावीस घरांची ख्रिस्ती वस्ती. मधोमध दगडी देऊळ, म्हणजे आमचं चर्च, आणि देवळाच्या आवारात जुन्या मिशनवाल्यांनी खोदलेली विहीर. गुलाबबाई माझी सासू, मी त्यांना आत्याबाई म्हणायची. चांगुणाबाई ही त्यांची थोरली जाऊ, म्हणून आमच्या ह्यांची मोठीआई आणि मग माझीही. दोघींचं घर एक, मधे कुडाची भिंत. अंगण एक, मोरी एक, पाटा-वरवंटा एक. आणि मी आले तेव्हा दोघींना एकमेकींशी बोलून नऊ वर्षं झाली होती.

भांडण अंड्यांवरून होतं. मोठीआईला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला. कोंबड्यांवर जीव. बासष्ट साली तिनं खुडूक कोंबडीखाली बसवायला अकरा अंडी राखून कोंड्याच्या टोपलीत ठेवली होती, आणि एके सकाळी टोपलीत नुसता कोंडा राहिला. आत्याबाई म्हणाल्या, कुत्र्यानं खाल्ली. मोठीआई म्हणाली, कुत्रं अंडं खातं, पण टरफलं उकिरड्यात पुरून वर माती लोटत नाही. झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद.

बंद म्हणजे तोंडावर बंद. एका अंगणात राहायचं तर बोलल्यावाचून कसं भागणार? मग आठवडाभर दोघी भिंतीशी बोलायच्या. "भिंतीबाई, पाटा कुणी नेला आसंल तर आणून ठिवा म्हणावं," असं इकडून. "भिंतीबाई, पाट्याला पाय न्हाईत म्हणावं, जिथं हाय तिथं हाय," असं तिकडून. आणि साठलेलं सगळं निघायचं रविवारी, भक्तीच्या वेळी.

आमच्या देवळात उपदेशानंतर मोकळी प्रार्थना असायची. ज्याला आत्मा सांगेल त्यानं उभं राहावं, डोळे मिटावेत आणि बोलावं. देवाशी चाललेल्या बोलण्यात माणसानं तोंड घालायचं नाही, हा नियम. ऐकणाऱ्यानं शेवटी आमेन म्हणायचं. आणि ज्याच्यावर प्रार्थना बेतलेली असेल त्यानं तर खणखणीत म्हणायचं, कारण त्याचा आवाज बारीक निघाला की बायका मिटल्या डोळ्यांनी एकमेकींना कोपर मारायच्या.

मोठीआई उभी राहायची. हिरवं लुगडं, मिसरीनं काळे झालेले दात, हातात पवित्र शास्त्र. अक्षरओळख नव्हती, पुस्तक बहुतेक वेळा उलटं असायचं.

"हे सोर्गातल्या बापा," ती सुरू करायची, "तुला समदं दिसतंय, म्या काय सांगू? भिंतीपलीकडल्या बाईनं मंगळवारी खरकटं पाणी माझ्या दारात सोडलं. म्या बोलले न्हाय. तुला ठाऊकच हाय, म्या बोलत नसती. पर बापा, मोरीला उतार त्यांच्या अंगानं बी हाय, एवढं त्यांच्या ध्यानात आणून दे. आन त्यांच्या सुनेला सुखी ठिव, पोरगी गुणाची हाय, परंड्याची असून."

सगळे म्हणायचे आमेन. आत्याबाईंचं आमेन सगळ्यांत मोठं. मग त्या उठायच्या, कारण आता पाळी त्यांची.

"प्रभू, ज्याच्या डोळ्यात मुसळ हाय त्याला दुसऱ्याचं कुसळ आदी दिसतं, ही तूच सांगून ठिवलंयस. मंगळवारी आमच्या घरात कुणी भांडीच घासली न्हाईत, ही बी तुला दिसलंच आसंल."

हे ऐकायला शांतलिंग वाणी दर रविवारी दुकानाला फळी लावून देवळाच्या पायरीवर येऊन बसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, सावलीला बसलोय. पायरीवर तर भर दुपारी ऊन असायचं.

मोठीआई फक्त जावेपुरती थांबत नसे. कुणी बायकोला मारलं, कुणी म्हाताऱ्या बापाला उपाशी ठेवलं, कुणाची पोर शाळेतून काढली, सगळं रविवारी देवाच्या कानावर जायचं. नाव घ्यायची नाही. "ज्याच्या दारात शेवगा हाय त्यो," एवढंच. शेवगा वस्तीत एकाच्याच दारात होता. त्या माणसानं पुन्हा बायकोवर हात उचलला नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस जेमतेमच होता. बहात्तरला तर मृग कोरडा गेला, हस्तही कोरडा गेला, आणि दिवाळीला शेतात पाय ठेवला तर भेगेत घोटा अडकायचा. बैल छावणीला गेले. माणसं पाझर तलावाच्या कामाला गेली. आम्ही बायका दिवसभर खडी फोडायचो, घरी येऊन रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल मिलोची, भाकरी थापायचो. ती भाकरी थापताना मोडायची आणि खाताना मोडायची नाही. वस्तीवर एकच कृपा होती, देवळाच्या विहिरीला पाणी होतं. लोकांनी मिळून विहिरीवर फळ्यांचं झाकण घातलं, कुलूप लावलं आणि घराला रोज दोन घागरी ठरल्या. किल्ली दिली आबाराव पंचांकडं.

आबाराव माणूस वाईट नव्हता. देवळाचा पंच, सोसायटीच्या बोर्डावर, आणि तलावाच्या कामावर मुकादम. आता एका माणसाकडं इतक्या गोष्टी आल्या की त्याचा पाय जमिनीवर राहत नाही, त्याला कोण काय करणार. त्याला एक वेड होतं. अडुसष्ट साली सोसायटीतून मोसंबीची वीस रोपं आणून त्यानं देवळामागच्या तुकड्यात लावली होती. गावात कुणी मोसंबी लावली नव्हती. रोज संध्याकाळी जाऊन तो झाडांजवळ उभा राहायचा. स्वतःच्या पोरांची नावं चुकायचा, पण कुठल्या झाडाला किती फांद्या ते पाठ होतं.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत गावात कडुलिंबसुद्धा वाळला होता. मोसंबी मात्र हिरवीगार, आणि फळं धरलेली. आणि विहिरीचं पाणी रोज दोन बोटं खाली.

कळत सगळ्यांना होतं. दुपारी वस्ती कामावर गेली की आबारावची बायको भिमाबाई कुलूप काढून झाडांना घागरी घालायची. पण बोलणार कोण? हजेरीच्या वहीत नाव लिहिणारा हात आबारावचाच. माणसं तलावावर त्याला सलाम करायची आणि घरी येऊन विहिरीत डोकावायची. सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवलं होतं, रविवारी चांगुणाबाई बघून घेईल.

आणि नेमकं तेव्हाच मोठीआईचं तोंड बंद झालं.

त्या वेळी नवे पाळक आले होते. अंबादाससाहेब. नगरला शिकलेले, तरणे, उपदेश चांगला दीड तासाचा. पहिल्याच रविवारी मोठीआई उठली आणि म्हणाली, "बापा, तू आमाला शिकलेला पाळक दिलास, तुझे लई उपकार. आता ह्यास्नी थांबायचं कुठं ती बी शिकव. घरी चुलीवर आमटी ठिवून आलोय आमी. आमटी आटून गेली, बापा, आन ह्ये आजून इजिप्तातनंच निघायलेत."

पायरीवरून शांतलिंगचा खोकला ऐकू आला. साहेबांचे कान तांबडे झाले. पुढच्या रविवारी त्यांनी जाहीर केलं, "देवाच्या मंदिरात शिस्त हवी. यापुढं प्रार्थना पाळक करील. मंडळीनं आमेन म्हणावं."

सगळ्यांत मोठं आमेन आबारावचं. भक्ती सुटल्यावर तो म्हणाला, "साहेब, ह्ये लई गरजेचं व्हतं."

मोठीआई त्या दिवशी घरी येऊन अंगणात बसली. मी भाकरी नेऊन दिली तर खाईना.

"काय झालं, मोठीआई?"

"तोंड शिवलं गं माझं," ती म्हणाली. "आता कुणाला सांगू म्या?"

"घरी करा की प्रार्थना. देव इथंबी ऐकतो."

"देवाला कशाला सांगायचं? त्याला ठाऊकच आसतंय," ती म्हणाली, आणि माझ्याकडं असं बघितलं की मला माझी परंड्याची सातवी पास शाळा वाया गेल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांत आत्याबाई पडल्या. घागरी पुरत नव्हत्या, म्हणून त्या ओढ्यात झिरा उकरून त्यातलं गढूळ पाणी प्यायच्या, घरचं पाणी माझ्यासाठी आणि ह्यांच्यासाठी ठेवायच्या. मला तेव्हा सहावा महिना होता. एके दिवशी हगवण लागली ती थांबेना. दोन दिवसांत डोळे खोल गेले. हे छावणीतून बैल सोडवून आणून, गाडी जुंपून त्यांना कळंबला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरनं औषध दिलं आणि सांगितलं, उकळून गार केलेलं स्वच्छ पाणी सारखं पाजत राहा, मीठ-साखर घालून. पाणी थांबलं तर बाई हाताला लागणार नाही.

दोन घागरीत तिघांचं पिणं, स्वयंपाक आणि आजारी माणसाची धुणी. मी दिवसातून दहादा घागरीत वाकून बघायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीजवळ एक भरलेली घागर. भिंतीपलीकडून आवाज, "भिंतीबाई, ही घागर कुणाची हाय काय की. म्हातारीच्या एकटीच्या घरात दोन घागरी कुजायल्यात. कुणी ओतून घेतलं तर बरं, न्हाईतर डास व्हतेत."

दुष्काळात पाणी कुजतं हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी घागर ओतून घेतली. आत्याबाई खाटेवर पडल्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं. त्या भिंतीकडं तोंड करून क्षीण आवाजात म्हणाल्या, "भिंतीबाई, डासाचं खरं हाय म्हणावं."

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. विहिरीचं पाणी तळाला चाललं होतं. मार्च लागला होता, पावसाला अजून तीन महिने. पाटीलवाड्यापाशी टँकर यायचा तो ओढा ओलांडून आमच्याकडं कधी यायचाच नाही. देवळाची विहीर आटली असती तर झिऱ्यावाचून दुसरं काही नव्हतं, आणि झिऱ्यानं काय केलं ते आमच्या घरात खाटेवर पडलं होतं. माझ्या आत्याबाई जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि त्यांच्यामागं आणखी कितीजण.

त्यातच आबारावनं उपकारस्तुती काढली.

आमच्यात चाल आहे. नवं घर झालं, पोराला नोकरी लागली, झाडाला पहिलं फळ आलं की देवाचे आभार मानायला सगळ्यांना घरी बोलवायचं, गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, गोडधोड वाटायचं. मोसंबीला पहिली फळं धरली, म्हणून आबारावनं सगळ्या वस्तीला बागेतच बोलावलं. लोक मिलो खात होते तेव्हा. कुणी शहाण्या माणसानं फळं गुपचूप उतरवली असती, पण पाच वर्षं जपलेलं झाड माणसाला कुणाला तरी दाखवावं वाटतं. त्यात मला अजूनही त्याचा राग येत नाही.

रविवारी उन्हं कलल्यावर आम्ही बागेत जमलो. अंबादाससाहेब आले होते. गाणं झालं. साहेबांनी त्यांच्या मानानं थोडक्यात, पाऊण तासच उपदेश केला. मग प्रार्थनेसाठी त्यांनी पुस्तक उघडलं. तेवढ्यात भिमाबाई पुढं आली, डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "साहेब, रागावू नका. मंदिरात तुमची शिस्त. पर घरच्या उपकारस्तुतीत वस्तीतल्या समद्यात थोर माणसानं प्रार्थना करायची आन घरधन्यानं आमेन म्हणायचं, अशी आमची चाल हाय. घरधन्याचं आमेन झाल्याबिगर परसाद वाटत न्हाईत."

साहेब चाचरले. "थोर म्हणजे कोण?"

सगळी वस्ती मोठीआईकडं बघायला लागली. आबाराव बायकोकडं बघायला लागला. ती मात्र जमिनीकडं बघत होती.

मोठीआई पुढं आली. पुस्तक उलटं धरलं. सगळ्यांनी डोळे मिटले. मी जरा किलकिले ठेवले, देव क्षमा करो.

"हे सोर्गातल्या बापा," ती म्हणाली, आणि महिनाभराचं साठलेलं असून आवाज इतका गोड होता की मला धडकीच भरली. "तुझे उपकार किती मानावं? गावातला लिंब वाळला, बाभळ वाळली, आन आमच्या आबारावची मोसंबी हिरवी. ह्यो तुझा चमत्कार हाय. मोशेनं काठी मारून खडकातनं पाणी काढलं. आबारावला तर काठी बी लागली न्हाय. विहिरीतलं पाणी रोज दोन बोटं खाली जातंय आन झाडं रोज दोन बोटं वर यायलीत. कसं व्हतंय ती आमाला अडाण्याला काय कळणार? तुझी करणी तुलाच ठावं."

कुणीतरी नाकातून आवाज काढला. मोठीआईनं तिकडं लक्ष दिलं नाही.

"आबारावला आयुष्य दे. त्याच्या कमरंला विहिरीची किल्ली आसती, ती लोखंडाची हाय, जड हाय, त्याची कंबर दुखत आसंल. त्याचं वझं हलकं कर. भिमाबाईला आयुष्य दे. समदी वस्ती कामाला गेल्यावर ती एकटी हितं काय करती कुणाला ठाऊक, पर संध्याकाळी तिला उभं राहावत न्हाय. तिच्या कमरंला बी बरं कर. आन बापा, आमची गुलाब पडलीया."

इथं तिचा आवाज फिरला. अकरा वर्षांत तिनं ते नाव घेतलं नव्हतं. नेहमी भिंतीपलीकडली बाईच.

"गुलाबला बरं कर. तिनं झिऱ्याचं पाणी पिलं, कारण सुनंच्या पोटात लेकरू हाय. घोटभर सोच्छ पाणी मिळालं तर ती उठंल, आसं डॉक्टर म्हणतोय. तू मोसंबीवर एवढी किरपा केलीस, त्यातली उरली तर एक घागर तिच्यावर कर. एवढंच मागते. म्या बोलत नसती, तुला ठाऊक हाय."

ती थांबली. आमेनची वेळ झाली, आणि आमेन घरधन्यानं म्हणायचं होतं.

सगळे डोळे मिटून उभे. आमेन म्हटलं तर सगळं कबूल, आणि न म्हटलं तर वस्ती अंधार पडेपर्यंत तशीच उभी राहिली असती. आमची माणसं तेवढी चिवट आहेत. मी किलकिल्या डोळ्यांनी बघत होते. आबारावच्या कपाळावर घाम आला होता. तो एकदा झाडांकडं बघायचा, एकदा लोकांकडं. मला वाटतं त्यानं वीसच्या वीस झाडं बघून घेतली. मग त्यानं करदोड्याची गाठ सोडली, किल्ली काढली आणि चाचपडत पुढं जाऊन मोठीआईच्या हातात ठेवली. तिचे डोळे मिटलेलेच होते, पण पुस्तक कधीच काखेत गेलं होतं आणि तळहात उघडा होता.

"आमेन," आबाराव म्हणाला. आवाज बारीक होता, पण कुणी कुणाला कोपर मारलं नाही.

त्या दिवसापासून किल्ली देवळाच्या दाराशी खिळ्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कुलूप सकाळी सगळ्यांसमोर निघायचं, सगळ्यांसमोर लागायचं. पाणी जूनपर्यंत पुरलं, रोज थोडं थोडं. आजारी घराला तीन घागरी. आत्याबाई पंधरा दिवसांत उठून बसल्या. मोसंबीची सोळा झाडं वाळली. चार राहिली ती आम्ही बायकांनी भांडी घासलेलं पाणी नेऊन घातलं म्हणून. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, ज्या त्या आपापलं नेऊन ओतायच्या. आबाराव सोळा झाडांचं दुःख मरेपर्यंत सांगायचा, पण दरवर्षी पहिलं फळ मोठीआईकडं यायचं. ती म्हणायची, आंबट हाय, आणि सालीसकट संपवायची.

भिमाबाईनं पुढं एकदा पाणी भरताना मला सांगितलं, "म्या मुद्दाम सांगितलं व्हतं गं चांगुणाबाईला. रोज दुपारी चाळीस घागरी. नवऱ्याला न्हाय म्हणायची सोय न्हाय, कंबर तर मोडायची पाळी आली. म्हटलं, आता देवाच्याच कानावर घालावं."

अंबादाससाहेबांनी पुढच्याच रविवारी मोकळी प्रार्थना परत सुरू केली. फक्त पाच मिनिटांच्या आत आटपा म्हणाले. मोठीआई म्हणाली, "पाच मिंटं तर निस्ती आबारावला लागतेत." पण मला वाटतं तिला साहेब आवडायला लागले होते, कारण त्यांचा उपदेशही एक तासावर आला होता.

एवढं झाल्यावर दोघी बोलतील असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. आत्याबाई हिंडायला लागल्यावर मी मोठीआईला म्हटलं, "मिटवा की आता. अंड्यांचं काय घेऊन बसलात."

ती मिसरी लावत होती. लावून झाल्यावर तिनं चूळ भरली.

"अंडी तिनंच खाल्ली ही मला पयल्या दिशीच कळलं," ती म्हणाली. "त्या महिन्यात पोट पडलं व्हतं तिचं. अंगात रगत न्हाय, घरात दाणा न्हाय. आगं, मागितली आसती तर म्या उकडून, सोलून दिली आसती, वर मीठ घालून. मागितली न्हाय. मला परकी समजली. राग त्याचा हाय."

"मग तसं सांगा त्यांना."

"सांगितलं तर भांडण मिटंल. भांडण मिटलं तर रईवारी म्या काय बोलू?"

खरं सांगते, मला ती बाई फार आवडायची. माझा थोरला तिच्याच हातावर जन्मला, आणि नाळ कापल्या कापल्या ती भिंतीला म्हणाली, "भिंतीबाई, नातू झाला म्हणावं. नाक आजीवर गेलंय, पर इलाज न्हाय."

अशी बासष्टपासून बावीस वर्षं गेली. रविवारी एक उठायची, मग दुसरी. कधी चुकलं नाही. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात मोठीआई झोपेतच गेली. आदल्या रविवारी पाळी तिची झाली होती. आत्याबाईंना त्या दिवशी थंडीताप होता, त्यामुळं त्यांचं उत्तर राहिलं होतं.

तर आम्ही कबरीपाशी उभे होतो. नव्या साहेबांचं बोलणं संपलं. त्यांनी विचारलं, कुणाला प्रार्थना करायची आहे का. सगळे आत्याबाईंकडं बघत होते. शांतलिंग बाभळीमागून परत भिंतीपाशी आला होता.

आत्याबाई पुढं झाल्या. मुठीत माती होती. त्यांनी डोळे मिटले.

"बापा," त्या म्हणाल्या, "आमच्या थोरल्या जाऊबाई तुझ्याकडं आल्यात. त्यास्नी आदी बसायला दे, गुडघं धरतेत त्यांचं. मिसरी लागती सकाळची. त्या बोलतील, त्यास्नी बोलू दे. मधी थांबवू नगंस. आमच्या पाळकानं थांबवलं तवा काय झालं ती तुला ठाऊक हाय."

मुठीतली माती निसटून पायावर पडत होती.

"आन त्यास्नी सांग, ती अकरा अंडी म्याच खाल्ली. कुत्र्याचं खोटं व्हतं. माझं पोट पडलं व्हतं, भूक आवरंना. मागितली आसती तर दिली आसती, ही मला ठाऊक व्हतं. त्यास्नी मूल न्हाय, आन म्या ज्ये व्हतं ती बी ठिवू शकले न्हाय. कुठल्या तोंडानं मागू? एवढंच सांगायचं व्हतं. दर रईवारी म्या ह्येच सांगाया उठायची, आन दर रईवारी मोरीवरच बोलायची."

आत्याबाई मागं सरल्या आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. डोळे मिटलेलेच. आमेन त्यांनी म्हटलं नव्हतं. साहेब वाट बघत होते. सगळेच वाट बघत होते. शेवटी साहेब त्यांच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "गुलाबबाई, आमेन म्हणा."

"कसं म्हणू, साहेब?" आत्याबाई म्हणाल्या. "आता पाळी तिची हाय."

साहेबांना काही कळलं नाही. आम्हाला कळलं. आम्ही सगळे डोळे मिटून तसेच उभे राहिलो, भिंतीपाशी शांतलिंगसुद्धा, आणि बराच वेळ कुणी आमेन म्हटलं नाही.